शिळें सत्य

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत माझी भाची पंधरा दिवस आमच्याकडे राहावयास आली होती. ती वाणिज्य शाखेची पदवीधर. पुढें संख्याशास्त्राकडे वळण्याचा तिचा विचार असल्यामुळें ‘पायथॉन’ नांवाची संगणकाची भाषा तिनें आपली आपणच शिकावयास घेतली होती. ही भाषा फुकट मिळते, तिचे धडेहि फुकट मिळतात. शिकणाऱ्यानें चिकाटी तेवढी स्वतःची आणावयाची. पहिले दोन दिवस तिचा उत्साह पाहण्यासारखा होता. चौथ्या दिवशीं रात्रीं जेवतांना ती हिरमुसली होऊन म्हणाली, “मामा, हें माझ्या डोक्याचें काम नव्हे. धड्यांत आहे तेंच मी अक्षरशः उतरवून घेतें, तरी यंत्र म्हणतें चूक आहे. मग चूक माझीच असणार ना?”

संगणकावर पत्रें व प्रश्नपत्रिका लिहिण्यापलीकडे माझी मजल गेलेली नाहीं. तेव्हां दुसऱ्या दिवशीं आमच्या कॉलेजांत हा विषय शिकविणाऱ्या एका तरुण सहकाऱ्यास मीं घरीं बोलाविलें. त्यानें तो धडा वरपासून खालपर्यंत पाहिला आणि तो हंसला. “सर, हिचें कांहींच चुकलेलें नाहीं. धडा दुसऱ्या आवृत्तीचा आहे आणि हिच्या यंत्रावर तिसरी आहे.” मग त्यानें जें समजावून सांगितलें तें असें. गीडो व्हान रॉसम या डच गृहस्थानें ही भाषा १९९१ सालीं प्रथम लोकांपुढें ठेविली. २००८ च्या डिसेंबरांत तिची तिसरी आवृत्ति निघाली, ती पूर्वीच्या आवृत्तीशीं कांहीं बाबतींत जाणूनबुजून फारकत घेऊन. आणि १ जानेवारी २०२० पासून दुसऱ्या आवृत्तीची देखभाल बंद झाली. दुसऱ्या आवृत्तींत पडद्यावर मजकूर उमटविण्याची आज्ञा कंसावांचून लिहीत. तिसरींत कंस अवश्य झाला. वापरणाऱ्याकडून उत्तर मागून घेण्याचा जो एक शब्द होता तो तर भाषेंतून काढूनच टाकला. सात भागिले दोन किती असें विचारलें तर जुनी आवृत्ति ३ म्हणे, नवी ३.५ म्हणते. धड्यांत उत्तर ३ असें दिलेलें, यंत्र ३.५ दाखवीत होतें, आणि प्राथमिक शाळेंत भागाकार शिकलेली ही मुलगी दोघांपैकीं खरें कोणाचें या घोटाळ्यांत पडून स्वतःलाच दोष देत बसली होती.

धडा लिहिणारानें खोटें लिहिलें नव्हतें. ज्या दिवशीं त्यानें तो लिहिला त्या दिवशीं त्यांतील शब्द न् शब्द खरा होता, आणि तो त्यानें कोणाकडून एक पैहि न घेतां, केवळ दुसऱ्याचें अडूं नये म्हणून लिहिला होता. तरी त्या धड्यानें एका शिकाऊ मुलीचा स्वतःच्या बुद्धीवरील विश्वास डळमळविला ही गोष्टहि तितकीच खरी. मग तो धडा आज खोटा म्हणावयाचा काय? आणि म्हणावयाचा, तर तो खोटा कोणीं केला? तेव्हांपासून हा प्रश्न माझ्या मनांत घोळत आहे.

ज्या वाचकांचा या व्यवसायाशीं संबंध येत नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. संगणकाला दिलेल्या आज्ञांचा संच, म्हणजे ज्याला आपण सॉफ्टवेअर म्हणतों तें, पुष्कळ कंपन्या कुलूपबंद करून विकतात. या रीतीविरुद्ध रिचर्ड स्टॉलमन यानें १९८३ सालीं ‘ग्नू’ नांवाचा प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर सर्वांस वाचतां यावा, सुधारतां यावा व दुसऱ्यास देतां यावा हें त्याचें तत्त्व. १९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्यानें ‘लिनक्स’चा आरंभ केला. आज जगांतील असंख्य यंत्रें अशा मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात. परंतु आज्ञांचा संच देऊन भागत नाहीं. तो कसा वापरावा हें माणसांच्या भाषेंत सांगणारी मार्गदर्शिका बरोबर द्यावी लागते, आणि ती प्रकल्पाच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. स्टॉलमननेंच एका निबंधांत असें म्हटलें आहे कीं, मुक्त सॉफ्टवेअरच्या जगांत मोठी उणीव आहे ती सॉफ्टवेअरची नव्हे, चांगल्या व मुक्त मार्गदर्शिकांची. माझ्या भाचीला सांपडलेला धडा पायथॉनच्या मूळ संकेतस्थळावरचा नव्हता. तेथें प्रत्येक आवृत्तीची माहिती निराळी ठेविलेली असते. तो होता पायथॉनवर उभारलेल्या एका लहानशा मुक्त प्रकल्पाच्या मार्गदर्शिकेंतला, आणि त्यावर आवृत्तीचा आंकडा नव्हता कीं तारीख नव्हती.

या दोन प्रकारच्या लिखाणांत एक मोठा भेद आहे. आज्ञा चुकली तर यंत्र जागच्या जागीं अडतें, आणि तें अडलें म्हणजे दहा जण दुरुस्तीला धांवतात. वाक्य चुकलें तर यंत्राला त्याची दादहि नसते. तेथें माणूस अडतो. आणि तो माणूस बहुधा नवखा, एकटा व संकोची असल्यामुळें तो ओरड करीत नाहीं. तो आपलें पुस्तक मिटतो व दुसऱ्या कामाला लागतो. किती मुलें अशीं परत गेलीं असतील याची नोंद कोठेंहि होत नाहीं.

तर्कशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला हें कोडें एका अर्थीं जुनेंच आहे. ‘पाऊस पडत आहे’ हें विधान खरें कीं खोटें, असा प्रश्न कोणी विचारला तर आपण प्रथम ‘केव्हां?’ असें विचारतों. काळ हा विधानाचा एक अवयवच असतो. बोलतांना तो न सांगतांहि कळतो, कारण बोलणारा व ऐकणारा एकाच छपराखालीं उभे असतात. लिखाणांत ही सोय नाहीं. छापील पुस्तकावर निदान सन असतो. शिवाय जुन्या पुस्तकाचीं पानें पिवळीं पडतात, कडा झिजतात, बांधणी सुटते, आणि हात लावतांच तें पुस्तक जणुं आपलें वय सांगतें. पडद्यावरील पान पिवळें पडत नाहीं. पंधरा वर्षांपूर्वींचें वाक्य काल सायंकाळीं लिहिल्यासारखें टवटवीत दिसतें, आणि वाचणाराला तें आजच्याबद्दलच बोलत आहे असें वाटतें. फसवणूक होते ती येथें. वाक्य तेंच राहिलें. त्याच्याखालचा ‘आज’ मात्र सरकला.

पंचांगाचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना यांत नवल वाटणार नाहीं. कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञानें शके १४४२ मध्यें, म्हणजे इ. स. १५२० सालीं, ‘ग्रहलाघव’ लिहिलें तें जुन्या ग्रंथांवरून काढलेलीं ग्रहांचीं स्थानें प्रत्यक्ष आकाशाशीं जुळेनाशीं झालीं होतीं म्हणून. पुढें साडेतीनशें वर्षें गेलीं, आणि ग्रहलाघवाच्याच गणितांत व आकाशांत अंतर पडलें. एकोणिसाव्या शतकांत केरूनाना छत्र्यांनीं युरोपीय वेधांच्या आधारें नवीं कोष्टकें तयार केलीं, तेव्हां पंचांग जुनें कीं नवें यावरून महाराष्ट्रांत तट पडले. गणेश दैवज्ञ खोटा नव्हता. त्याच्या ग्रंथाला आकाशापेक्षां अधिक मान देणाऱ्यांनीं त्याला खोटा पाडला. त्यानें स्वतः पूर्वींच्यांच्या बाबतींत जें केलें तेंच त्याच्या बाबतींत करणें हा त्याचा अनादर नव्हे, ही साधी गोष्ट पटावयास लोकांना फार वेळ लागला.

दुसऱ्यांचे दोष काढण्यापूर्वीं माझी स्वतःची एक गोष्ट सांगणें बरें. तर्कशास्त्राच्या वर्गांत पूर्ण गणनेवर उभारलेल्या अनुमानाचें उदाहरण म्हणून मी ग्रहांचें उदाहरण देत असें: बुध सूर्याभोंवतीं फिरतो, शुक्र फिरतो, असें एकेक करीत प्लूटोपर्यंत जावयाचें आणि ‘म्हणून नवहि ग्रह फिरतात’ असा समारोप करावयाचा. २००६ च्या ऑगस्टांत प्राग येथें जमलेल्या ज्योतिर्विदांच्या आंतरराष्ट्रीय मंडळानें प्लूटोला ग्रहांच्या पंक्तींतून उठविलें. ही बातमी मीं वर्तमानपत्रांत वाचली होती, घरीं तीवर बोललोंहि होतों. तरी माझ्या टिपणवहींतले नऊ ग्रह २०११ सालापर्यंत सुखरूप होते! त्या वर्षीं मागच्या बांकावरील एका मुलीनें भीत भीत विचारलें, “सर, ग्रह आतां आठच ना?” गणना पूर्ण असली पाहिजे हें ज्या उदाहरणानें शिकवावयाचें, त्यांतलीच गणना चुकीची. वही मीं त्याच दिवशीं दुरुस्त केली. पण तिच्या ज्या छायाप्रती मुलांच्या हातीं गेल्या होत्या व त्यांवरून आणखी निघाल्या होत्या, त्या मला परत आणतां आल्या नाहींत. मला बातमी ठाऊक नव्हती असें नव्हे. बातमी आणि वही यांची गांठ घालून देण्याचें काम आपलें आहे हें मला सुचलें नव्हतें, इतकेंच. संकेतस्थळांच्या बाबतींतहि बहुतेक असेंच होत असावें.

आतां यावर एक वजनदार आक्षेप आहे, आणि तो माझ्या तरुण सहकाऱ्यानें त्याच सायंकाळीं घेतला. “सर, हे लोक फुकट काम करतात. नोकरी सांभाळून, रात्रीं जागून. त्यांच्या परवान्यांत स्पष्ट लिहिलेलें असतें कीं, ही वस्तु जशी आहे तशी दिली आहे, कसलीहि हमी नाहीं. मग त्यांना जाब विचारण्याचा आपला अधिकार काय?” आक्षेप खरा आहे. मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रचलित परवान्यांत असें कलम असतेंच, आणि कायद्याच्या दृष्टीनें तें पुरेसें आहे. आपल्याकडेहि धर्माच्या गाईचे दांत मोजूं नयेत असें म्हणतात. दात्याला कर्जदारासारखें वागविणें हा कृतघ्नपणा होय, आणि अशा कामांत पडलेल्या माणसांना आलेलीं उद्धट पत्रें माझ्या सहकाऱ्यानें मला दाखविलीं तेव्हां मला त्या पत्रलेखकांची लाज वाटली.

पण गाईचे दांत पडलेले असले तर ते घेणाराला दिसतात. चुकीची वाट चुकीची आहे हें वाटसरूला दिसत नाहीं. दिसतें तर त्यानें वाट विचारलीच कशाला असती? एखाद्या गृहस्थानें रस्त्यावर पाणपोई घातली. ती जन्मभर चालविण्याचें बंधन त्याच्यावर नाहीं. ऐपत संपली, हातपाय थकले, मुलगा परगांवीं गेला, कांहींहि होईल, त्यानें ती बंद करावी. परंतु रांजणांतलें पाणी नासलें आहे हें ठाऊक असतां ‘पिण्याचें पाणी’ ही पाटी तशीच लटकत ठेवण्याची मुभा त्याला आहे असें मला वाटत नाहीं. पाणी भरण्याचें कर्तव्य त्याच्या इच्छेवर आहे. पाटी उतरविण्याचें तसें नाहीं. तेथें कष्ट थोडे, खर्च नाहीं, आणि न केल्यास इजा दुसऱ्याला. दान हें दात्याच्या मर्जीनें सुरू होतें व त्याच्या मर्जीनें संपतें. पण तें संपलें हें सांगणें दानाचाच भाग आहे. माझ्या भाचीच्या धड्यावर ‘हा धडा दुसऱ्या आवृत्तीसाठीं आहे’ एवढी एक ओळ असती, तर धडा जुना असूनहि तो खोटा झाला नसता.

हें या क्षेत्रांतल्या जाणत्यांना सुचलें नाहीं असें नाहीं. ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची ‘युनिक्स’ची पहिली मार्गदर्शिका केन थॉम्सन व डेनिस रिची यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत तयार केली. तिच्यांत प्रत्येक आज्ञेच्या पानावर तारीख असे, त्या आज्ञेची जबाबदारी कोणाकडे हें असे, आणि ‘दोष’ असा एक स्वतंत्र मथळा असे. त्याखालीं आपल्याच कृतींतलीं व्यंगें कर्ते मोकळेपणें लिहीत. आपल्या मालाच्या वेष्टनावर त्याचे दोष छापणारा दुकानदार मीं तरी पाहिलेला नाहीं. दुसरें उदाहरण ‘जॅंगो’चें. कॅन्ससमधील लॉरेन्स या गांवच्या एका वृत्तपत्राच्या कचेरींत जन्मलेला हा प्रकल्प २००५ सालीं सर्वांस खुला झाला. त्याच्या संकेतस्थळावर जुन्या आवृत्तीचें पान उघडलें कीं, ही आवृत्ति असुरक्षित आहे, तिची देखभाल बंद झाली आहे, नवी घ्या, अशी सूचना दिसते. जुनें पान काढून टाकलेलें नाहीं, कारण जुन्या आवृत्तीवर ज्यांचें काम अडकलें आहे त्यांना तें हवें असतें. त्याच्यावर त्याचें वय लिहिलें आहे, इतकेंच. त्या प्रकल्पाचा दुसराहि एक नियम मला आवडला. नवी सोय करून देणारानें तिची माहितीहि त्याच बदलाबरोबर लिहून द्यावी, अशी तेथें अपेक्षा असते. काम एकानें करावें व त्याचें स्पष्टीकरण पुढेंमागें दुसऱ्या कोणीं तरी करावें, या विभागणींतच माहिती शिळी होण्याचें बीज आहे.

तरीहि ती शिळी होतेच. गिटहब या कंपनीनें २०१७ सालीं केलेल्या पाहणींत शेंकडा ९३ जणांनीं अपुरी किंवा जुनाट माहिती ही अडचण आपल्याला आल्याचें सांगितलें. आणि त्याच पाहणींत, प्रकल्पांना हातभार लावणाऱ्यांपैकीं शेंकडा ६० जणांनीं आपण मार्गदर्शिकेंत क्वचित् भर घालतों किंवा कधींच घालीत नाहीं असें कबूल केलें. हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं ठेवून पाहावेत. जिची उणीव सर्वांना टोंचते ती वस्तु निर्माण करण्याची हौस थोड्यांनाच. याचें कारण केवळ आळस आहे असें मला वाटत नाहीं. नवें घर बांधणाराचें नांव कोनशिलेवर कोरतात. दर पावसाळ्यापूर्वीं कौलें शाकारणाराचें कोणी कोरीत नाहीं. त्यांतून हें काम चांगलें झालें तर दिसत नाहीं, वाईट झालें तरच दिसतें. लिनक्सच्या मार्गदर्शक पानांचा सांभाळ मायकेल केरिस्क यानें २००४ पासून दीड दशकाहून अधिक काळ केला. त्याच्या हाताखालून गेलेलीं पानें रोज वाचणाऱ्यांपैकीं कितीकांना त्याचें नांव ठाऊक असेल? त्याच्यानंतर तें काम पाहणाऱ्या गृहस्थांनीं २०२४ च्या सप्टेंबरांत, हें विनावेतन चालविणें आतां शक्य नाहीं, असें सांगून तें थांबविल्याचें जाहीर केलें. पुढें कांहीं कंपन्यांनीं भार उचलला तेव्हां तें पुन्हां चालू झालें. ज्या पानांवर एवढ्या मोठ्या उद्योगाचा व्यवहार टेकलेला, त्यांचा सांभाळ एका माणसाच्या फावल्या वेळावर उभा होता. येथें मला सांभाळणाराला दोष द्यावासा वाटत नाहीं. त्यानें पाटी उतरविली, आणि ती वाजवून उतरविली. त्यामुळेंच इतरांना जाग आली.

या कोड्यांतून सुटण्याचा एक निराळा मार्ग डोनाल्ड नूथ या अमेरिकन पंडितानें काढला. ग्रंथांची जुळणी करणारा ‘टेक’ हा त्याचा कार्यक्रम १९९० पासून त्यानें जवळजवळ गोठवून टाकला आहे. केवळ चुकांची दुरुस्ती होते. दर दुरुस्तीबरोबर आवृत्तीच्या आंकड्यांत पाय या गणिती संख्येचा एकेक अंक वाढतो. आणि आपल्या मृत्यूनंतर तीहि थांबावी, उरलेल्या चुका मग गुणांतच गणाव्यात, अशी त्याची इच्छा आहे. वस्तूच बदलली नाहीं तर तिचें वर्णन शिळें कसें होईल! युक्ति नामी आहे, पण ती साधावयास नूथसारखा कर्ता हवा, आणि ज्या वस्तूला रोज नव्या गरजांना तोंड द्यावें लागतें तिला ती लागू पडत नाहीं. पायथॉनवाल्यांनीं उलट बाजूनें जाऊन मार्गदर्शिकेंतलीं उदाहरणें यंत्राकडूनच तपासून घेण्याची सोय केली आहे. ‘डॉकटेस्ट’ असें तिचें नांव. सात भागिले दोनचें उत्तर धड्यांत ३ लिहिलेलें असेल व यंत्राला ३.५ मिळालें, तर तें ताबडतोब तक्रार करतें. म्हणजे वाक्य चुकल्यावरहि यंत्र अडावें अशी ही तजवीज. अर्थात् तिला उदाहरणें तपासतां येतात. ‘ही पद्धत सर्वांत सोपी आहे’ हें वाक्य अजून खरें आहे कीं नाहीं, हें तिला कळत नाहीं. तेथें पुन्हां माणूस लागतो.

तो माणूस कोण, हा शेवटीं खरा प्रश्न. जाणता मनुष्य आपल्याच प्रकल्पाची मार्गदर्शिका वाचीत नाहीं. त्याला तिची गरज नसते, आणि वाचली तरी पायाखालच्या वाटेवरचा खड्डा जसा घरच्या माणसाला दिसत नाहीं तसा त्याला तिच्यांतला दोष दिसत नाहीं. तो दिसतो ठेंच लागलेल्या नवख्याला. पण तोच नवखा स्वतःला अपराधी समजून गप्प बसतो. नूथनें हें ओळखलें होतें असें वाटतें. आपल्या पुस्तकांतली चूक प्रथम दाखवून देणाराला तो दोन डॉलर छप्पन सेंटांचा धनादेश पाठवीत असे, आणि पुष्कळांनीं ते न वटवितां चौकटींत घालून भिंतीवर लावले. रक्कम क्षुल्लक, चूक दाखविणारा हा उपद्रवी नसून उपकारकर्ता आहे, एवढें त्या कागदानें सांगितलें.

भाचीला मीं म्हटलें, “तुला सांपडलेली चूक त्यांना कळव.” त्या पानाच्या तळाशीं दुरुस्ती सुचविण्याची सोय होती. ती म्हणाली, “मी कोण त्यांना सांगणार? मला तर अजून नीट येतहि नाहीं.” मीं तिला मागच्या बांकावरच्या त्या मुलीची गोष्ट सांगितली. दोन दिवस तिनें टाळाटाळ केली. मग माझ्या सहकाऱ्याकडून इंग्रजी तपासून घेऊन चार ओळी लिहिल्या. दहा-बारा दिवसांनीं उत्तर आलें. लिहिणारानें आभार मानले होते, आणि सगळा धडा नव्यानें लिहिण्यास आपल्याला सध्यां सवड नाहीं हें कळविलें होतें. मात्र धड्याच्या माथ्यावर तो कोणत्या आवृत्तीसाठीं आहे ही ओळ त्यानें त्याच दिवशीं घातली होती.

माझें समाधान तेवढ्यानें झालें. भाचीचें झालें नाहीं. एक ओळ घालून काय उपयोग, आंतला मजकूर तसाच आहे ना, असें ती म्हणूं लागली. आणि “मग तूं लिही” असें मी गमतीनें म्हटलें तें तिनें मनावर घेतलें. परवां तिचा फोन आला. पहिलीं दोन प्रकरणें तिनें दुरुस्त करून पाठविलीं, त्यांतलें एक स्वीकारलें गेलें आहे, दुसऱ्यावर त्या गृहस्थानें सतरा शंका काढल्या आहेत, आणि त्यांतल्या निदान चार बरोबर आहेत असें तिलाहि मान्य आहे. तिसऱ्या प्रकरणांतला भागाकार अजून जुनाच आहे.